ट्रस रॉड, गिटारमधील

पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारच्या मानेत, फिंगरबोर्डाच्या खाली, लांबीच्या दिशेने बसविलेली धातूची सळई. सळईच्या एका टोकाशी असलेला नट फिरवून तिच्यातील ताण कमीजास्त करता येतो व त्यायोगे मानेची वक्रता नियंत्रित करता येते. ‘ट्रस’ ही संज्ञा बांधकामशास्त्रातून आलेली आहे. छपराच्या कैचीतील आडवी ताणपट्टी वाशांची टोके फाकू देत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रेल्वेच्या लाकडी मालडब्यांच्या तळाखाली लोखंडी सळया अशाच लांबीच्या दिशेने ताणून बसवीत. ओझ्याने डब्याचा मध्यभाग खचू लागला, की त्या आवळून तो पुन्हा वर उचलीत. गिटारमधील सळईचे कार्य तत्त्वतः हेच होय. मात्र ती लाकडाच्या पोटात कायमची बंद झालेली असते. वाद्य पूर्ण झाल्यावर तिचा केवळ नट हाताशी राहतो. त्यामुळे सळई बसविताना झालेली चूक पुढे सहज दुरुस्त करता येत नाही आणि वाद्याचे आयुष्य बऱ्याच अंशी या एका कामाच्या अचूकपणावर अवलंबून राहते.

तारांचा ताण व मानेची वक्रता : गिटारच्या तारा डोक्यावरील खुंट्यांपासून निघून अटीवरून, म्हणजे डोके व मान यांच्या सांध्यापाशी असलेल्या हाडाच्या पट्टीवरून, फिंगरबोर्डाला जवळजवळ समांतर जातात व तबलीवरील घोडीशी बांधलेल्या असतात. फिंगरबोर्ड ही मानेच्या दर्शनी बाजूस चिकटविलेली कठीण लाकडाची पट्टी असून तीवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. ०·३० मिमी. जाडीच्या पहिल्या तारेपासून सुरू होणारा हलक्या पोलादी तारांचा संच नेहमीच्या स्वरात जुळविला असता सहा तारांचा एकूण ताण सु. ७० ते ७५ किग्रॅ. भरतो, मध्यम जाडीच्या संचाचा ताण सु. ८५ किग्रॅ.पर्यंत जातो. अभिजात स्पॅनिश पद्धतीच्या गिटारवरील नायलॉनच्या तारांचा ताण याच्या जवळजवळ निम्मा, म्हणजे सु. ४० किग्रॅ. असतो.

हा ताण मानेच्या गाभ्यातून जात नाही. तारा मानेच्या मध्य अक्षापासून सु. एक ते दीड सेंमी. वर असतात. त्यामुळे मान केवळ दाबली न जाता वाकते. तिची दोन टोके तारांच्या बाजूस ओढली जातात व मध्यभाग तारांपासून दूर जाऊन फिंगरबोर्ड अंतर्वक्र होतो. वक्रता वाढली, की मधल्या पडद्यांजवळ तारा फार उंच राहतात. त्या दाबण्यास अधिक जोर लागतो आणि दाबताना तार अधिक ताणली जाऊन स्वर चढा लागतो. शिवाय लाकडावर दीर्घकाळ एकसारखा भार राहिल्यास ते हळूहळू व कायमचे वाकत जाते. आरंभी योग्य असलेली मान काही वर्षांनी सदोष होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

तथापि मान पूर्णपणे सरळ असणेही इष्ट नसते. छेडलेली तार दोन टोकांशी स्थिर असून तिच्या कंपनाचा विस्तार मध्यभागी सर्वाधिक असतो. त्या विस्तारास जागा मिळावी म्हणून फिंगरबोर्डास अत्यल्प अंतर्वक्रता ठेवावी लागते. पहिल्या पडद्यापाशी व मान धडास मिळते त्या पडद्यापाशी तार दाबून धरली असता सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांमध्ये सामान्यतः ०·१ ते ०·३ मिमी. अंतर असावे लागते. मान बहिर्वक्र झाल्यास तारा पडद्यांवर आपटून खरखर ऐकू येते. म्हणजेच ट्रस रॉडचे काम मान ताठ ठेवणे एवढेच नसून अशी सूक्ष्म वक्रता हवी तेवढी राखणे हे आहे. मान नुसती ताठ करावयाची असेल, तर न हलणारी पोलादी पट्टीही पुरते.

इतिहास : स्पॅनिश वाद्यकार आंतोन्यो दे तोर्रेस (१८१७–९२) याने एकोणिसाव्या शतकात आधुनिक अभिजात गिटारचे स्वरूप निश्चित केले. त्या गिटारवर आतड्याच्या तारा वापरीत व त्यांच्या ताणास रुंद आणि जाड लाकडी मान पुरेशी होती. आजही अभिजात गिटारमध्ये ट्रस रॉड सहसा नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मोठ्या आवाजाच्या गिटारची मागणी वाढली व पोलादी तारा प्रचारात आल्या. मार्टिन या १८३३ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने १९२२ पासून आपल्या काही गिटारी मुळातच पोलादी तारांसाठी बांधण्यास सुरुवात केली. ताण वाढला, परंतु वादकांना मान मात्र अधिक सडपातळ हवी होती. या दोन परस्परविरोधी गरजांतून ट्रस रॉडचा उगम झाला.

मिशिगन राज्यातील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू या तंत्रज्ञाने जुळवता येणाऱ्या सळईच्या एकस्वासाठी १९२१ मध्ये अर्ज केला व १९२३ मध्ये ते मंजूर झाले. गिब्सनच्या वाद्यांत ही सळई लवकरच रूढ झाली. अमेरिकन कायद्यानुसार त्या काळी एकस्वाची मुदत मंजुरीपासून १७ वर्षे असे; ती १९४० मध्ये संपल्यावर इतर निर्मात्यांचाही मार्ग मोकळा झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूच्या वापरावर निर्बंध आल्याने गिब्सनच्या काही गिटारी सळईविनाच बनविल्या गेल्या.

मार्टिन कंपनीने वेगळा मार्ग पत्करला होता. तिने मानेत प्रथम एबनीची पट्टी, १९३४ पासून इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा छेद असलेली पोलादी पट्टी व १९६७ पासून चौकोनी पोलादी नळी बसविली. या तिन्ही पट्ट्या मानेला ताठरपणा देत. पण मान वाकलीच, तर त्यांच्या साहाय्याने ती सुधारता येत नसे. अखेर १९८५ मध्ये या कंपनीनेही जुळवता येणारा रॉड स्वीकारला. विद्युत् गिटारच्या क्षेत्रातही असाच अनुभव आला. लिओ फेंडर याने १९५० मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या गिटारींत, मेपलचे कठीण लाकूड पुरेसे आहे अशा समजुतीने सळई घातलेली नव्हती; त्याच वर्षी ती घालण्यास सुरुवात झाली.

प्रकार : रचनेच्या दृष्टीने ट्रस रॉडचे दोन मुख्य प्रकार आहेत.

(१) एकदिश रॉड : ही सु. ५ मिमी. व्यासाची एकच पोलादी सळई असते. तिचे एक टोक मानेत पक्के अडकविलेले असते व दुसऱ्या टोकाच्या आट्यांवर नट बसतो. मानेतील खोबण टोकांशी उथळ व मध्यभागी खोल, अशी किंचित वक्र कोरतात. नट आवळला, की वक्र सळई सरळ होऊ पाहते व मानेच्या मध्यभागास तारांच्या दिशेने ढकलते. सळई मानेच्या मध्य अक्षाच्या खाली, म्हणजे तळव्याकडील बाजूस, असल्याने ती मागील बाजूचे लाकूड दाबते. या दाबानेही मान तारांच्या ओढीविरुद्ध वाकते. हा रॉड हलका व स्वस्त असतो. परंतु त्याची क्रिया एकाच दिशेने होते. मान आधीच बहिर्वक्र झाली असेल, तर नट पूर्ण सैल करण्यापलीकडे काहीही करता येत नाही.

(२) द्विदिश रॉड : यात एकमेकींलगत ठेवलेल्या दोन सळया किंवा एक सळई व एक चपटी पट्टी असून त्या दोन्ही टोकांशी एकमेकींस जोडलेल्या असतात. नट फिरविला, की एका सळईची परिणामी लांबी बदलते, दुसरीची तेवढीच राहते व संपूर्ण जोडी धनुष्याप्रमाणे वाकते. नट उलट दिशेने फिरविल्यास ती उलट बाजूस वाकते. या जोडीतील ताण व दाब एकमेकांत तोलले जात असल्याने मानेच्या लाकडावर लांबीच्या दिशेने दाब येत नाही. तिच्यासाठी सरळ, एकसारख्या खोलीची खोबण पुरते. वजन थोडे अधिक असूनही अकूस्टिक गिटार हाताने बनविणारे अनेक कारागीर आज हाच प्रकार पसंत करतात.

नट कोणत्या टोकास ठेवावयाचा, हे सुरुवातीसच ठरवावे लागते. तो डोक्याकडील टोकास असल्यास चावी लावणे सोयीचे होते. परंतु त्यासाठी अटीच्या पलीकडे खळगा कोरावा लागतो. डोके मानेशी कोन करून मागे झुकलेले असल्याने ही जागा मुळातच नाजूक असते व गिटार पडली असता ती बहुधा तेथेच मोडते. खळग्याने तेथील लाकूड आणखी कमी होते. नट धडाकडील टोकास ठेवल्यास हा धोका टळतो व डोके अखंड राहते. मात्र त्या वेळी तबलीखालील आडव्या तिरास भोक ठेवून नादछिद्रातून लांब चावी आत घालावी लागते.

बसविण्याची पद्धती : पुढील वर्णन द्विदिश रॉडचे असून एकदिश रॉडमधील फरक त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

लाकूड : मानेसाठी महोगनी किंवा मेपलचे, सरळ रेषांचे व पूर्ण वाळलेले लाकूड निवडतात. करवतून काढलेला ठोकळा काही आठवडे कार्यशाळेत ठेवून त्याचा आकार स्थिर होऊ देतात. सळई लाकडाचा अंगभूत पीळ काढू शकत नाही. म्हणून पीळ धरणारा ठोकळा या टप्प्यावरच बाद करणे श्रेयस्कर. खोबण नेहमी ठोकळा चौकोनी असतानाच कोरतात. मानेला पाठीमागचा गोलावा व दोन्ही कडांचा निमुळतेपणा दिल्यानंतर हत्यार टेकविण्यास सरळ कड उरत नाही.

आखणी : ठोकळ्याची दर्शनी बाजू रंध्याने सपाट करून गुण्याने तपासतात व तीवर मध्यरेषा आखतात. यानंतर अटीची जागा व मान धडास मिळण्याची जागा यांची खूण करतात. अटीपासून घोडीपर्यंत तारेची लांबी ६४५ मिमी. असेल, तर चौदाव्या पडद्याचे अटीपासूनचे अंतर सु. ३५८ मिमी. येते, बाराव्या पडद्यावर धडास मिळणाऱ्या गिटारमध्ये ते ३२२·५ मिमी. असते. रॉडची लांबी या अंतरावरून ठरवितात. रॉड अटीपासून मान व धड यांच्या सांध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. तो तोकडा असल्यास उरलेला भाग नियंत्रणाबाहेर राहतो.

खोबण : प्रचलित द्विदिश रॉडसाठी सु. ६ मिमी. रुंद व सु. ९·५ मिमी. खोल खोबण लागते. ही मापे छापील माहितीवरून न घेता प्रत्यक्ष हातातील रॉड मोजून घ्यावी लागतात. खोबण कोरण्यासाठी रूटर हे विजेवर चालणारे यंत्र वापरतात. त्यास ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ पट्टीचा आधार देतात, म्हणजे पाते मध्यरेषेपासून ढळत नाही. पूर्ण खोली एका फेरीत न कोरता दर फेरीस सु. ३ मिमी. याप्रमाणे कोरतात, अन्यथा पाते तापते व कडा जळतात. रूटर नसल्यास करवतीने दोन समांतर काप देऊन मधले लाकूड अरुंद पटाशीने काढता येते. टोकांशी रॉडच्या जोडठोकळ्यांसाठी आवश्यक तेवढी जादा जागा पटाशीनेच करतात.

खोलीची मर्यादा येथे विशेष लक्षात घ्यावी लागते. पहिल्या पडद्यापाशी तयार मानेची जाडी फिंगरबोर्ड धरून सु. २१ मिमी. असते. त्यातून फिंगरबोर्डाचे ६ मिमी. व खोबणीचे ९·५ मिमी. वजा केले, तर पाठीमागे केवळ ५·५ मिमी. लाकूड उरते. खोबण २ मिमी.ने अधिक खोल झाल्यास हे लाकूड ३·५ मिमी.वर येते व रॉड आवळताना मानेची पाठ चिरण्याची भीती असते. उलट खोबण उथळ राहिल्यास रॉड पृष्ठभागावर डोकावतो व फिंगरबोर्ड नीट बसत नाही. रॉड खोबणीत बोटाच्या हलक्या दाबाने बसावा, हातोडीने ठोकावा लागू नये आणि पृष्ठभागाशी समतल किंवा केसभर खाली राहावा, ही योग्य खोबणीची खूण होय.

एकदिश रॉडसाठी खोबण अधिक खोल व वक्र कोरतात. सळई बसविल्यावर तिच्या वर तितक्याच वक्र तळाची लाकडी पट्टी सरसाने चिकटवितात व ती सुकल्यावर रंध्याने पृष्ठभागाशी समतल करतात. सळईचा सारा रेटा या पट्टीवर येतो; म्हणून पट्टी व सळई यांमध्ये पोकळी राहून चालत नाही.

पूर्वचाचणी : रॉड बसविण्यापूर्वी तो मोकळाच हातात धरून दोन्ही दिशांना फिरवून पाहतात. आटे गुळगुळीत चालतात की नाही, टोकांचे सांधे पक्के आहेत की नाही व रॉड कोणत्या बाजूस वाकतो, हे यातून कळते. सळई व पट्टी यांच्या जोडीत पट्टी वर ठेवावयाची की खाली, हे रॉडच्या रचनेवर अवलंबून असते. नट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरविला असता रॉडचा मध्यभाग फिंगरबोर्डाच्या बाजूस उचलला जावा, असा संकेत आहे. रॉड उलटा बसल्यास हा संकेत मोडतो. पुढे अनेक वर्षांनी एखादा अनभिज्ञ दुरुस्तीकार चुकीच्या दिशेने जोर लावण्याचा संभव यामुळे निर्माण होतो. चाचणीनंतर नट अशा स्थितीत आणतात, की रॉड सरळ व ताणरहित राहील.

खडखड रोखणे : सैल बसलेला रॉड विशिष्ट स्वरांना कंप पावून मानेत खडखडतो. हा दोष वाद्य पूर्ण झाल्यावरच उघड होतो व त्या वेळी तो घालविणे कठीण असते. म्हणून काही निर्माते रॉडवर आधीच प्लॅस्टिकची पातळ नळी चढवून देतात. तशी नसल्यास खोबणीच्या तळाशी दोन-तीन ठिकाणी सिलिकोनचे लहान थेंब ठेवून त्यांवर रॉड दाबतात. सिलिकोन लवचिक असल्याने रॉडच्या हालचालीस अडथळा येत नाही. ते फिंगरबोर्ड चिकटवावयाच्या पृष्ठभागावर मात्र लागू देत नाहीत, कारण त्यावर सरस धरत नाही. आटे व नट यांना मेण लावतात.

अतिरिक्त पट्ट्या : काही कारागीर रॉडच्या दोन्ही अंगांस अरुंद खोबणी कोरून त्यांत कार्बन तंतूंच्या पट्ट्या इपॉक्सीने बसवितात. या पट्ट्या वजनाने हलक्या पण अत्यंत ताठ असतात. अशा मानेत ताठरपणाचे काम पट्ट्यांकडे व सूक्ष्म जुळवणीचे काम रॉडकडे राहते.

फिंगरबोर्ड चिकटविणे : या पायरीनंतर रॉड कायमचा झाकला जातो. फिंगरबोर्डाची जागा लहान खिळ्यांच्या टोकांनी आधीच पक्की करून ठेवतात, म्हणजे सरस ओला असताना तो घसरत नाही. खोबणीवर चिकटपट्टीची अरुंद फीत लावतात, सर्व पृष्ठभागावर सरसाचा पातळ थर पसरवितात व लगेच फीत उचलून घेतात. त्यामुळे खोबणीत सरस उतरत नाही. आट्यांत सरस गेल्यास रॉड जखडतो व त्याचा असून नसल्यासारखा उपयोग होतो. नंतर सपाट ठोकळा ठेवून शिकंज्यांनी सर्वत्र सारखा दाब देतात व किमान एक दिवस तसेच राहू देतात. पाणीयुक्त सरसाने सांध्यालगतचे लाकूड फुगते व मान काही काळ बहिर्वक्र होते. म्हणून मान पुरेशी सुकण्यापूर्वी फिंगरबोर्ड घासून सपाट करीत नाहीत. पुढे पडदे ठोकतानाही प्रत्येक पडद्याचा पाया आपल्या फटीत पाचरीप्रमाणे शिरतो व वीस पडद्यांच्या एकत्रित रेट्याने मान पुन्हा थोडी मागे वाकते. द्विदिश रॉडचा लाभ अशा वेळी होतो. तो उलट फिरवून मानेस हवी ती अंतर्वक्रता देता येते.

जुळवणी : वाद्यावर तारा चढवून ती नेहमीच्या स्वरात लावल्यावर मान तारांच्या ताणाशी स्थिरावण्यास काही दिवस देतात. त्यानंतर पहिल्या पडद्यावर पकड लावून व धडाच्या सांध्यापाशी तार दाबून मधले अंतर पातळ मापपट्टीने मोजतात. अंतर अधिक असल्यास नट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे व कमी असल्यास उलट दिशेने फिरवितात. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवीत नाहीत. प्रत्येक वेळी तारा पुन्हा स्वरात लावून मापन करतात, कारण मानेची वक्रता बदलली, की तारांचा ताणही बदलतो. काही माना तत्काळ प्रतिसाद देतात, तर काहींचा परिणाम दुसऱ्या दिवशी पूर्णपणे दिसतो. नट फार कठीण लागत असल्यास तारा सैल करून मान हाताने हळुवार मागे दाबून धरतात व मगच तो फिरवितात; अशाने आट्यांवरचा भार कमी होतो.

मर्यादा व दोष : ट्रस रॉडचा प्रभाव मुख्यतः मानेच्या मध्यभागी, म्हणजे साधारणतः पाचव्या ते नवव्या पडद्यांच्या परिसरात, जाणवतो. धडावर टेकलेल्या फिंगरबोर्डाच्या भागावर तो जवळजवळ नसतो. मानेतील पीळ, झिजलेले पडदे, फुगलेली तबली व मान-धड यांच्या सांध्याचा बिघडलेला कोन हे दोष रॉडने दूर होत नाहीत. तारा धडालगत फार उंच असल्यास त्याचे कारण बहुधा सांध्याच्या कोनात असते. तेथे घोडीवरील हाडाची पट्टी घासणे किंवा मान उतरवून सांधा पुन्हा जुळविणे हाच उपाय असतो.

ही मर्यादा लक्षात न घेता केवळ तारा खाली आणण्यासाठी रॉड आवळत राहणे, हे रॉड निकामी होण्याचे नेहमी आढळणारे कारण आहे. आटे झिजतात, टोकाचा सांधा सुटतो किंवा सळई तुटते. अशा वेळी फिंगरबोर्ड मंद उष्णतेने तापवून, सरस सैल करून, पातळ सुरीने इंचाइंचाने सोडवावा लागतो. जुना रॉड काढून नवा बसविल्यावर फिंगरबोर्ड चिकटविणे, पडदे बसविणे व रोगण देणे ही कामे पुन्हा करावी लागतात. साध्या किमतीच्या वाद्याच्या बाबतीत हा खर्च पुष्कळदा वाद्याच्या किमतीहून अधिक होतो व एरवी सुस्थितीत असलेली गिटार टाकून दिली जाते.

हवामान व भारतीय संबंध : लाकूड हवेतील आर्द्रतेनुसार फुगते व आकसते. गिटारसाठी ४५ ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात. मुंबई, कोकण व गोवा या किनारी प्रदेशांत पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तर दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात ती बरीच खाली येते. दमट हवेत तबली फुगून तारा उंच होतात व कोरड्या हवेत फिंगरबोर्ड आकसून पडद्यांची टोके कडेला हाताला लागतात. एकाच गिटारची मान दोन ऋतूंत निराळी वागण्याचे कारण हेच होय. ऋतुमानानुसार नटाची अल्पशी फेरजुळवणी हा वाद्यातील दोष नसून त्याच्या नेहमीच्या निगराणीचा भाग होय. सतार व तंबोरा या वाद्यांत अशी सळई नसते.

गिटारनिर्मितीशी भारताचा निकटचा संबंध येतो तो शिसवीच्या लाकडामुळे. ब्राझीलमधील शिसवीची आवक घटल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ पासून भारतीय शिसवीचा अवलंब केला. पश्चिम घाटातही आढळणारी ही जाती आज जगभर गिटारचे धड व फिंगरबोर्ड यांसाठी वापरली जाते. संकटग्रस्त जातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारान्वये २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या व्यापारावर नियंत्रण आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना बहुतांशी सूट देण्यात आली. मानेसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन महोगनीवरही २००३ पासून असे नियंत्रण आहे. उत्तम लाकूड दुर्मिळ होत असताना त्यापासून बनविलेले वाद्य दीर्घकाळ वाजते राहण्यास महत्त्व आले आहे. लाकडाच्या स्वाभाविक हालचालीस अटकाव न करता तिची वेळोवेळी भरपाई करण्याची सोय ट्रस रॉडमुळे होते. मात्र खोबण योग्य खोलीची असली, रॉड योग्य बाजूने बसला असला व आटे मोकळे असले, तरच ही सोय अनेक दशके उपयोगी पडते.